धान, कर्ज आणि दशांश : एक प्रस्तावना

बायबलमधल्या अनुवादाच्या पुस्तकातल्या चोविसाव्या अध्यायात एक लहानसा नियम आहे. कर्जाच्या तारणापोटी कुणाचं जातं घेऊ नये, जात्याची वरची तळीसुद्धा घेऊ नये. जातं गेलं की दळण थांबतं आणि दळण थांबलं की चूल थांबते. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायातला नियमही असाच आहे: गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंत तर सूर्य मावळायच्या आत परत करा, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याजवळ दुसरं काही नसतं. हे नियम ज्यांच्यासाठी लिहिले गेले ते लोक आपल्या ओळखीचे आहेत. वर्षातून एकदा पीक हाती येणारे, पीक येण्याआधी उसनवारी करणारे, पांघरूण आणि जातं याखेरीज गहाण टाकण्यासारखं काही नसणारे हे लोक. बायबलमधला पैसा मुळात धान्याचा, मजुरीचा आणि कर्जाचा पैसा आहे. म्हणूनच गोंदिया जिल्ह्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी घरखर्चावर पुस्तक लिहायचं, तर दूरच्या शहरातल्या सल्लागाराकडे जाण्याआधी याच पानांकडे जावं लागतं.

विश्वासी माणसाने पैसा कसा सांभाळावा यावर बाजारात बरीच पुस्तकं मिळतात. त्यातली पुष्कळशी इंग्रजीतून आलेली आहेत आणि त्यांच्यातला वाचक पगारदार आहे. त्याला महिन्याच्या एक तारखेला ठरावीक रक्कम मिळते. तिचे भाग कसे पाडायचे, घराचे हप्ते किती ठेवायचे, निवृत्तीसाठी किती बाजूला टाकायचे, हे त्याला सांगितलं जातं. शिक्षक, नर्स, रेल्वे कर्मचारी अशा घरांना त्याचा उपयोग होतो, आणि अशी घरं आपल्या मंडळ्यांत आहेत. पण सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावकडच्या घराला महिन्याची एक तारीख नसते. तिथे पैसा येतो तो हंगामाने.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा धानाचा आहे. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या १३ लाख २२ हजार होती आणि तिच्यात ख्रिस्ती लोक एक टक्काही नव्हते. ही थोडी माणसं शेजाऱ्यांसारखीच जगतात. मृगात पऱ्हे टाकतात, आषाढात रोवणी करतात, दिवाळीच्या मागेपुढे कापणी उरकतात. मग धान खरेदी केंद्रावर जातं आणि काही दिवसांनी, कधी बऱ्याच आठवड्यांनी, खात्यात पैसे जमा होतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता. मामा (माजी मालगुजारी) तलावाचं किंवा इटियाडोहसारख्या धरणाचं पाणी मिळणाऱ्या शिवारात उन्हाळी धान. उरलेल्या दिवसांत राईस मिलवर हमाली, बिड्या वळणं, बांधकाम, नाहीतर बाहेरगावी मजुरी.

आकडा मांडून पाहू. समजा एका घराने हंगामात २० क्विंटल धान केंद्रावर घातलं. २०२४-२५ चा साधारण धानाचा हमीभाव २,३०० रुपये होता, म्हणजे हाती आले ४६,०००. एवढी रक्कम एकदम खात्यात दिसली की घर सुखावतं आणि सुखावणं साहजिकच आहे. पण तिचे बारा भाग पाडले तर महिन्याला ३,८३३ रुपये पडतात. त्यातून नांगरणी, खत, रोवणीची मजुरी आणि कापणीचा खर्च अजून वजा झालेला नाही. डिसेंबरातल्या श्रीमंतीचं हे खरं माप आहे. नेमक्या याच दिवसांत गावोगावी मंडई भरते, रात्री दंडार आणि नाटकं होतात, पाहुणे येतात, लग्नं ठरतात आणि आपल्या घरांत नाताळ असतो. आनंद करू नये असं सांगणारं हे पुस्तक नाही. पण नाताळात नवी साडी नेसलेली बाई आणि श्रावणात सावकाराच्या ओट्यावर बसलेली तीच बाई, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. तो जोडून दाखवणं मला या पुस्तकाचं पहिलं काम वाटतं.

उत्पत्तीच्या एकेचाळिसाव्या अध्यायात योसेफ फारोला जो सल्ला देतो, त्यातला आकडा बहुतेक प्रवचनांत सुटून जातो. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा भाग साठवायचा. अर्धा नाही, सगळा नाही, पाचवा भाग, आणि तो आधीच ठरवून. आपल्या उदाहरणातल्या घरासाठी पाचवा भाग म्हणजे ४ क्विंटल. तो धानाच्याच रूपात ढोलीत राहिला तर जुलै-ऑगस्टमध्ये तांदूळ विकत घ्यावा लागत नाही. पैशाच्या रूपात ठेवायचा असेल तर तो नेहमीच्या खात्यात नको, वेगळ्या खात्यात किंवा पोस्टात हवा. रोज हात जाणाऱ्या ठिकाणी साठा टिकत नाही. म्हणून या पुस्तकातला घरखर्चाचा आराखडा महिन्याचा नाही, वर्षाचा आहे, आणि त्याची सुरुवात जानेवारीत न होता धान विकल्याच्या दिवशी होते. पगारदार वाचकाने तो आपल्या सोयीने वळवून घ्यावा.

साठ्याचा विषय निघाला की एक आक्षेप हमखास येतो. येशूने उद्याची चिंता करू नका असं सांगितलं, मग साठवायचं कशाला? विमा काढणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे का? आक्षेप घेणाऱ्यांच्या मनात खोट नसते, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. ज्या येशूने चिंता करू नका म्हटलं, त्यानेच बुरूज बांधायला निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा असंही सांगितलं. तो दाखला लूकच्या चौदाव्या अध्यायात आहे. कोठारं पाडून मोठी बांधणाऱ्या धनवानाला त्याने मूर्ख ठरवलं, कारण त्या माणसाच्या सगळ्या विचारात स्वतःशिवाय दुसरं कुणी नव्हतं. योसेफाची कोठारं सगळ्या देशासाठी होती. फरक कोठारात नसून ते कुणासाठी उघडतं यात आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचा वर्षाचा हप्ता २० रुपये आहे आणि जीवनज्योतीचा ४३६. पहिल्यात अपघाती मृत्यू झाल्यास आणि दुसऱ्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख मिळतात. वर्षाला ४५६ रुपये भरून बायकामुलांना दारोदार फिरण्यापासून वाचवणारा माणूस देवावर अविश्वास दाखवत नाही. स्वतःच्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याविषयी पौलाने तीमथ्याला जे लिहिलं, ते त्या पत्रातलं सर्वांत कठोर वाक्य आहे.

आता कर्ज. याच विषयाला मी या पुस्तकात सर्वाधिक पानं दिली आहेत.

आपल्याकडे व्याज शेकड्याने बोललं जातं. शेकडा तीन, शेकडा पाच. कानाला हे आकडे लहान वाटतात, पण ते महिन्याचे असतात. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के, आणि तेही व्याजावर व्याज न धरता. धानाच्या उसनवारीत सवाई-दिढीचा हिशोब असतो. रोवणीला एक पोतं घेतलं की कापणीला सव्वा किंवा दीड परत करायचं. पाच-सहा महिन्यांत दीडपट म्हणजे कोणत्याही बँकेने कधी लावलं नसेल इतकं व्याज झालं. नहेम्याच्या पाचव्या अध्यायात यरुशलेमचे लोक हीच तक्रार घेऊन आले होते. दुष्काळात धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडली होती आणि घेणेकरी परके नव्हते, त्यांचेच भाऊबंद होते. नहेम्याने सावकारांना सभेत उभं केलं, जमिनी परत करायला लावल्या आणि घेतलेला शंभरावा भागही परत करायला लावला. आज महाराष्ट्रात सावकारी नियमन कायदा, २०१४ आहे. अवैध सावकाराने बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. मंडळीतल्या किती पाळकांना हे माहीत आहे? नहेम्यावर प्रवचन देणाऱ्याला हा कायदा माहीत असायला हवा असं माझं ठाम मत आहे.

शेतीचं कर्ज घ्यायचंच तर त्याची जागा बँक किंवा सेवा सहकारी सोसायटी ही आहे. तिथलं पीककर्ज ३ लाखांपर्यंत असेल आणि वेळेत फेडलं, तर डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतून व्याजात सवलत मिळते. ही सवलत गमावण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे धानाचे पैसे आले की आधी लग्नाचा किंवा मोटारसायकलचा हप्ता भरला जातो आणि सोसायटी मागे राहते. स्वस्त कर्ज थकवून महागडं कर्ज फेडलं जातं, कारण महागड्या कर्जाचा वसुलीवाला दारात येऊन बसतो. क्रम उलटा लावायचा तर घरात एक वही हवी आणि ती नवरा-बायको दोघांनी मिळून लिहायला हवी.

गावोगावी महिलांचे गट करून साप्ताहिक किंवा पंधरवड्याच्या हप्त्याने कर्ज देणाऱ्या कंपन्या आता दुर्गम गावांतही पोचल्या आहेत. तारण लागत नाही आणि पैसे चटकन मिळतात. अडीनडीला त्याचा उपयोग होतो हे नाकारता येणार नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये यासाठी नियम केले. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हे कर्ज विनातारण द्यायचं आणि त्या घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापलीकडे जाता कामा नयेत. पण ज्या घराचं उत्पन्न वर्षातून दोनदा येतं, त्याला दर आठवड्याचा हप्ता जड जातो. मग एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटातून उचल होते, आणि जाऊबाईच्या नावावर घेतलेलं कर्ज शेवटी सासूच्या डोक्यावर येतं. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात जामीन राहिलेल्या माणसाला सांगितलंय की झोपू नकोस, पापणीला पापणी लागू देऊ नकोस, आधी जाऊन स्वतःला सोडवून घे. इतकी घाई त्या पुस्तकात दुसऱ्या फारशा कशाची केलेली नाही. दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावावर कर्ज उचलणं ही आपल्याकडे माया समजली जाते. मायेला नाही म्हणायचं नाही. पण देता येईल तेवढं द्या, सही देऊ नका, हे आपल्या मुली-सुनांना शिकवायला हवं.

याला पर्याय ख्रिस्ती लोकांनी याआधी उभे केले आहेत आणि ते आपल्यासारख्याच शेतकरी माणसांमध्ये. रांचीला जर्मन जेसुइट फादर हॉफमन यांनी १९०९ मध्ये छोटानागपूरच्या आदिवासी ख्रिस्ती लोकांसाठी सहकारी पतपेढी सुरू केली. सहकारी पतसंस्थांचा कायदा होऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती. वसईत मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनी १९१८ मध्ये भूमिपुत्रांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी जी पेढी काढली, ती आज बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून शंभरी पार करून उभी आहे. तिथले वाडवळ आणि सामवेदी ख्रिस्ती घरात मराठीच्याच बोली बोलतात आणि त्यांची उपजीविका केळी, पानमळे, भाजीपाला यांवर चालायची. मिझोराममध्ये १९१० पासून घरोघरी रांधताना प्रत्येक जेवणाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात. बुहफाइ थाम हे त्या प्रथेचं नाव. त्या मुठींवर तिथल्या मंडळीचं काम वाढलं. तांदूळ पिकवणाऱ्या जिल्ह्याला यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. मंडळीच्या महिला मंडळाने वर्षभर अशी मूठ जमवली आणि पावसाळ्यात ती बिनव्याजी उसनी दिली, तर निदान आपल्यापुरती तरी सवाई-दिढी थांबेल. गावात उमेद किंवा माविमचा बचत गट चांगला चालत असेल तर मंडळीने वेगळा गट काढण्याची गरज नाही. त्यातच जावं आणि शेजारणींसोबत बसावं.

पैसे ठेवताना एक गोष्ट लक्षात असू द्या. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हे केंद्रीय संरक्षण नाही. ओळखीचा माणूस संचालक आहे, तो प्रार्थनेला येतो, एवढ्यावर आयुष्याची कमाई ठेवू नका.

दशांशाबद्दल लिहिताना मला सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण इथे चुकीच्या शिकवणीने माणसं दुखावली गेली आहेत. देवाला दहा द्या, तो शंभर देईल, अशी हमी व्यासपीठावरून दिली जाते. कर्ज काढून अर्पण करायला सांगितलं जातं. मलाखीचं एक वचन त्यासाठी पुन्हापुन्हा वापरलं जातं आणि अनुवादाचा चौदावा अध्याय मात्र बंद राहतो. तिथे दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच साठवायचा आहे, आणि तो लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर जेवावं म्हणून. दशांश हा धान्याचा होता, द्राक्षारसाचा, तेलाचा आणि कळपांचा होता. जे पिकलं त्यातून तो द्यायचा होता. पीक बुडालेल्या घराकडे दशांश मागणं हे त्या नियमाच्या आत्म्याविरुद्ध आहे. म्हाताऱ्या आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं असं सांगून मोकळं होणाऱ्यांना येशूने मार्कच्या सातव्या अध्यायात फटकारलं आहे. द्यावं, आनंदाने द्यावं, गरिबातल्या गरिबानेही द्यावं. पण परताव्याच्या अपेक्षेने दिलेलं अर्पण ही गुंतवणूक झाली, आणि ती बुडाली की माणूस पैशासोबत देवालाही गमावून बसतो.

उदारपणा आणि घर यांच्यातला ताण मराठी ख्रिस्ती माणसाला एका पुस्तकाने फार पूर्वी दाखवून दिला आहे. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. डब्यातल्या एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांचं बोलणं झालं आणि त्याने त्यांच्या हाती बायबल दिलं. ती गाडी नागपूरहून तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा असाच मार्ग कापत गेली असणार, कारण राजनांदगावला जाणारा लोहमार्ग तोच होता. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडून ते 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ उभारायला निघाले. त्यांच्या हातात पैसा टिकत नसे. जो मागेल त्याला ते देत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये हे सगळं आहे आणि त्या घराचा प्रपंच कुणी ओढला हेही आहे. टिळकांविषयी मला अपार आदर आहे. पण घरखर्चाच्या या पुस्तकात मी लक्ष्मीबाईंच्या बाजूला बसतो. उद्या घरात दाणा आहे की नाही हे ज्या माणसाला ठाऊक असतं, त्याच्याशी बोलल्याशिवाय केलेलं दान अर्धंच आपलं असतं.

आणखी एक नाव घ्यायचं आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात आपला हा मुलूख मध्य प्रांतात मोडत होता. पंडिता रमाबाई त्या वर्षी मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी, निराधार मुलींना सोबत घेऊन गेल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी या मुलींना नुसतं जेवू घातलं नाही. शेती, विणकाम, छपाई शिकवली. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झालं, आणि त्याच्या छपाईचं काम मुक्तीतल्याच हातांनी केलं होतं. मदत कशी करावी याचा नमुना शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. मंडळीतल्या गरीब घराला किराणा पोचवणं एक काम झालं, आणि त्या घरातल्या मुलीचं नर्सिंगचं किंवा आयटीआयचं शिक्षण पुरं होईल इतकं बघणं हे दुसरं. दुसऱ्याला वेळ लागतो, म्हणून ते बहुधा राहून जातं.

पाळकांना आणि मंडळीच्या पंचांना शेवटी एक विनंती. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेल्या निधीविषयी लिहितो. तो निधी तो एकटा नेत नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतो, म्हणजे कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. प्रेषिताला याची गरज वाटली, तर आपल्यालाही वाटली पाहिजे. दर रविवारचं अर्पण दोघांनी मोजावं, रक्कम फळ्यावर लिहावी, वर्षाचा हिशोब सभेत वाचावा. या पुस्तकातला शेवटचा भाग त्यासाठी आहे आणि तो आधी वाचला तरी चालेल.

हे पुस्तक मंडळीत मिळून वाचायचं असेल तर नाताळात सुरू करू नका. तेव्हा घरात पैसा असतो आणि कर्जाचा अध्याय कुणाच्या मनाला लागत नाही. तेंदूपत्त्याचे पैसे हाती येतात आणि पऱ्हे टाकायला अजून वेळ असतो, त्या मेच्या अखेरीस बसा. त्या वेळी प्रत्येक घराला आपल्यावर कुणाचं किती देणं आहे हे तोंडपाठ असतं. सोबत कोरी वही आणि पेन आणा. पहिल्या बैठकीत फक्त देणी लिहा, व्याजासकट आणि नावासकट. दुसऱ्या बैठकीला नवरा-बायको दोघांनीही यावं.